विंडसर्फिंगचा पुढचा बोर्ड किती लिटरचा घ्यायचा? शिकाऊ बोर्ड सोडण्याआधी हे गणित समजून घ्या

विंडसर्फिंग शिकताना एक टप्पा असा येतो की बोर्डवर तोल सांभाळता येतो, शीड पाण्यातून उचलता येतं आणि जिथून निघालो तिथे परतही येता येतं. मग क्लबचा तो दारासारखा रुंद बोर्ड जड आणि संथ वाटायला लागतो. शेजारून कुणीतरी लहानशा बोर्डवर सुसाट निघून जातो आणि मनात येतं, आता आपणही लहान बोर्ड घ्यावा.

इथेच बहुतेकांची चूक होते. हौसेने घेतलेला बोर्ड गरजेपेक्षा फार लहान निघतो. वारा जरा पडला की तो पाण्याखाली जातो. त्यावर उभं राहून शीड उचलता येत नाही आणि किनारा अर्धा किलोमीटर लांब असतो. असं दोन-चारदा झालं की बोर्ड घरात भिंतीला टेकतो आणि खेळही सुटतो. म्हणून शिकाऊ बोर्डनंतरचा पहिला बोर्ड नीट निवडणं हा पैशांचा प्रश्न तर आहेच, पण सुरक्षिततेचाही आहे.

बोर्डवर लिहिलेले लिटर म्हणजे नेमकं काय?

विंडसर्फिंग बोर्डवर बहुधा एक आकडा ठळक छापलेला असतो: १०५, १२५, १४५. हे त्या बोर्डचं आकारमान, लिटरमध्ये. शाळेत शिकलेला आर्किमिडीजचा नियम इथे थेट लागू होतो. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका वरच्या दिशेचा जोर तिला मिळतो. एक लिटर गोड्या पाण्याचं वजन १ किलो, तर समुद्राच्या पाण्याचं साधारण १.०२५ किलो. म्हणजे १०० लिटरचा बोर्ड समुद्रात पूर्ण बुडायच्या बेतात आला, तर एकूण १०२ किलोच्या आसपास भार पेलतो.

पण हा भार फक्त माणसाचा नसतो. ७५ किलो वजनाच्या माणसाचं उदाहरण घ्या. अंगावरचं लाइफ जॅकेट, हार्नेस आणि ओले कपडे मिळून ४ किलो. शीड, मास्ट आणि बूम मिळून १० किलो. खुद्द बोर्ड ८ किलो. बेरीज झाली ९७ किलो. एवढा भार समुद्रात जेमतेम तरंगत ठेवायला ९५ लिटर लागतात. म्हणजे ७५ किलोच्या माणसाने ९५ लिटरचा बोर्ड घेतला तर थांबलेल्या अवस्थेत बोर्डचा जवळपास सगळा भाग पाण्याच्या पातळीखाली असेल. पाऊल जरा पुढे-मागे पडलं की नाक किंवा शेपूट बुडणार.

हाच माणूस १४० लिटरच्या बोर्डवर उभा राहिला तर जवळपास ४५ लिटर शिल्लक उरतात. शीड उचलताना, वळताना, लाट आल्यावर पाय चुकला तर ही शिल्लक माणसाला वाचवते. म्हणून बोर्ड निवडताना नुसते लिटर पाहून भागत नाही. लिटरमधून स्वतःचं वजन वजा केल्यावर किती उरतात, हे बघायचं. पुढे या लेखात याच उरलेल्या आकड्याला 'वरचे लिटर' म्हटलं आहे.

मग लहान बोर्ड घ्यायचाच कशाला?

कारण वेग आला की गणित बदलतं. वारा पुरेसा असेल तर बोर्ड पाणी कापत जाण्याऐवजी पाण्याच्या पृष्ठभागावर घसरायला लागतो. याला प्लेनिंग म्हणतात. हातातून फेकलेली चपटी खापरी पाण्यावर टप्पे घेत जाते, तसंच काहीसं. या अवस्थेत बोर्डला मुख्यतः त्याच्या तळावर आदळणारं पाणी उचलून धरतं, त्यामुळे लिटरचं महत्त्व एकदम कमी होतं.

उलट आता मोठेपणाचा त्रास सुरू होतो. रुंद बोर्ड लाटांवर आपटतो, वाऱ्याच्या झोतात नाक वर उचलतो. वेगात वळण घ्यायचं तर बोर्डची कड पाण्यात दाबावी लागते आणि ८५ सेंटिमीटर रुंद बोर्डची कड दाबताना हलक्या माणसाची दमछाक होते. लहान बोर्ड अशा वाऱ्यात शांत राहतो, पायाखाली वळतो.

थोडक्यात, मोठा बोर्ड थांबलेलं असताना मदत करतो आणि लहान बोर्ड वेगात. तेव्हा पहिला प्रश्न असा: पाण्यात असताना तुमचा किती वेळ वेगात जातो आणि किती वेळ पडण्या-उठण्यात?

कोणत्या टप्प्यावर किती लिटर?

पुढचे आकडे ढोबळ आहेत. वेगवेगळ्या प्रशिक्षकांच्या आकड्यांत पाच-दहा लिटरचा फरक पडतो. पण क्रम हाच असतो.

१. अगदी सुरुवात. शीड उचलणं, सरळ जाणं, परत येणं. वजनाच्या वर १०० लिटर किंवा जास्त, रुंदी ८५ ते १०० सेंटिमीटर. बोर्डच्या मधोमध खाली सोडता येणारी पाटी म्हणजे डॅगरबोर्ड असलेला उत्तम, कारण तो बोर्डला वाऱ्यासोबत आडवं वाहून जाऊ देत नाही.

२. वाऱ्याच्या दिशेने तिरकं वर चढता येतं, टॅक म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून वळणं जमतं, हार्नेसची ओळख होते आहे. वरचे ६० ते ८० लिटर, रुंदी ७८ ते ८५ सेंटिमीटर.

३. हार्नेसमध्ये सहज लटकता येतं, अधूनमधून प्लेनिंग होतं, पुढचा पाय पट्ट्यात जायला लागला आहे. वरचे ४५ ते ६० लिटर, रुंदी ७२ ते ८० सेंटिमीटर.

४. दोन्ही पाय पट्ट्यांत जातात, वॉटरस्टार्ट दहापैकी सात-आठ वेळा जमतो, वेगात जाइब म्हणजे वाऱ्याकडे पाठ करून वळण्याचा प्रयत्न चालू आहे. वरचे २५ ते ४० लिटर, रुंदी ६५ ते ७२ सेंटिमीटर.

५. वॉटरस्टार्ट हुकमी, जाइब बऱ्यापैकी कोरडा. जोराच्या वाऱ्यासाठी दुसरा बोर्ड म्हणून वरचे ० ते २० लिटर.

उदाहरणार्थ, तिसऱ्या टप्प्यावरच्या ६० किलोच्या मुलीला १०५ ते १२० लिटरचा बोर्ड पुरेल, तर त्याच टप्प्यावरच्या ९० किलोच्या माणसाला १३५ ते १५० लिटरचा लागेल. कौशल्य तेच असलं तरी दोघांच्या बोर्डांत ३० लिटरचा फरक आहे. मित्राचा बोर्ड बघून तसाच घेऊ नये, तो यासाठीच. वजनदार माणसाला शीडही मोठं लागतं, त्यामुळे त्याने सांगितलेल्या पट्ट्यातल्या वरच्या आकड्याकडे झुकावं. हलक्या माणसाने खालच्या आकड्याकडे झुकायला हरकत नाही.

वॉटरस्टार्ट हा खरा उंबरठा का?

शीड पाण्यातून काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत बोर्डवर उभं राहून दोरीने शीड ओढायचं. दुसरीत पाण्यातच राहून शीड वाऱ्यावर धरायचं आणि वाऱ्यालाच तुम्हाला उचलून बोर्डवर उभं करू द्यायचं. हा वॉटरस्टार्ट.

वरचे २५ लिटरसुद्धा नसलेल्या बोर्डवर उभं राहून शीड ओढणं पट्टीच्या लोकांनाही अवघड जातं. म्हणजे त्या बोर्डसाठी वॉटरस्टार्ट यायलाच हवा. पण वॉटरस्टार्टला वारा लागतो. वारा पडला तर शीडात तुम्हाला उचलण्याइतका जोर राहत नाही आणि बोर्ड लहान असेल तर उभंही राहता येत नाही. दोन्ही दारं एकदम बंद होतात.

म्हणून खरेदीआधी एक साधी चाचणी करावी. ज्या मापाचा बोर्ड घ्यायचा आहे तसा भाड्याने किंवा उसना घ्या. वारा मंद असताना, किनाऱ्याजवळ, सोबत कुणी असताना त्यावर उभं राहून शीड उचला आणि शंभर मीटर जाऊन परत या. हे पाचपैकी चार वेळा जमलं तर बोर्ड तुमचा. जमलं नाही तर वीस लिटर वर सरका.

रुंदी, लांबी आणि शीड यांचं नातं

लिटरइतकीच रुंदी महत्त्वाची. दोन्ही बोर्ड १२० लिटरचे असले तरी ७५ सेंटिमीटर रुंदीचा पातळ बोर्ड ६२ सेंटिमीटर रुंदीच्या जाड बोर्डपेक्षा जास्त स्थिर वाटतो.

लांबीचं महत्त्व मात्र काळाच्या ओघात कमी झालं. कॅलिफोर्नियात होयल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो मूळ 'विंडसर्फर' बोर्ड १२ फूट, म्हणजे सुमारे ३६५ सेंटिमीटर लांब होता. आजचे फ्रीराइड बोर्ड, म्हणजे हौशी खेळाडूंसाठीचे सर्वसाधारण वापराचे बोर्ड, बहुधा २३० ते २५० सेंटिमीटरचे असतात. स्थिरतेचं काम लांबीकडून रुंदीकडे गेलं.

यातून जुन्या बोर्डबद्दल एक धडा मिळतो. १९९० च्या दशकातला एखादा लांब आणि अरुंद बोर्ड स्वस्तात मिळतो. लिटर तेवढेच दिसतात, म्हणून तो घेतला जातो. पण ६० सेंटिमीटरच्या त्या बोर्डवर शिकणाऱ्याचा तोल राहत नाही. जुना बोर्ड घेताना लिटरसोबत रुंदीही मोजून घ्या.

रुंदी आणखी एक गोष्ट ठरवते: बोर्डवर किती मोठं शीड चालेल. ढोबळमानाने,

– ८० ते ८५ सेंटिमीटर: ६.५ ते ९ चौरस मीटर
– ७२ ते ७८ सेंटिमीटर: ५.५ ते ८ चौरस मीटर
– ६४ ते ६८ सेंटिमीटर: ४.७ ते ७ चौरस मीटर

अरुंद बोर्डवर फार मोठं शीड चढवलं तर बोर्ड त्याच्या भाराखाली दबतो. रुंद बोर्डवर फार लहान शीड लावलं तर पाय आणि शीड यांचा मेळ बसत नाही. तुमच्याकडे आधीच शिडं असतील तर बोर्ड त्यांच्याशी जुळतो का, ते पाहा. नाहीतर बोर्डमागून शीड, शीडामागून मास्ट अशी खर्चाची रांग लागते.

शेपटाखालच्या फिनचंही तसंच आहे. मोठ्या शिडाला आणि रुंद शेपटाला लांब फिन लागते. १४० लिटरच्या फ्रीराइड बोर्डला साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर, तर ११० लिटरच्या बोर्डला ३४ ते ३८ सेंटिमीटर. बोर्ड वाऱ्यावर चढत नाही, आडवा घसरतो, अशी तक्रार असेल तर बोर्ड बदलण्याआधी फिन बदलून पाहावी. ते कितीतरी स्वस्त पडतं.

तुमच्या पाण्यावर वारा कसा असतो?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो, खरं तर तो पहिला असायला हवा. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ७५ किलोच्या माणसाला ७.५ चौरस मीटरच्या शिडाने आणि १४० लिटरच्या बोर्डने प्लेनिंगसाठी साधारण १२ ते १४ नॉट वारा लागतो. २० नॉटला त्याच माणसाला ५ ते ५.५ चौरस मीटरचं शीड आणि १०० ते ११० लिटरचा बोर्ड सुखाचा.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर मुख्य आधार दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांचा. सकाळी जमिनीकडून येणारे मतलई वारे मंद असतात. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुरू होतो. मार्च ते मे या काळात तो जास्त जोर धरतो, तरी बऱ्याच दुपारी ८ ते १४ नॉटच्या घरात राहतो. जून ते सप्टेंबरमध्ये वारा भरपूर, पण समुद्र खवळलेला आणि शिकणाऱ्यासाठी धोक्याचा.

म्हणजे गोव्यात सराव करणाऱ्या ७५ किलोच्या माणसाने १०० लिटरचा बोर्ड घेतला तर वर्षातले बहुतेक दिवस तो नुसता पडून राहील. त्याला १३० ते १४५ लिटरचा, ७५ ते ८० सेंटिमीटर रुंदीचा बोर्ड जास्त दिवस पाण्यावर नेईल. याउलट ग्रीसच्या लेफकाडा बेटावरच्या वासिलिकीसारख्या ठिकाणी सकाळी मंद आणि दुपारी डोंगरावरून जोराचा वारा येतो. तिथे भाड्याच्या दुकानातून सकाळी मोठा आणि दुपारी लहान बोर्ड घेण्याची सोय असते. तिथल्या सुट्टीत ११० लिटरवर मजा आली म्हणून घरच्या पाण्यासाठीही तोच घेणं चुकीचं ठरेल. सुट्टीतल्या उत्तम दिवसाचा हिशेब बाजूला ठेवून घरच्या नेहमीच्या दिवसासाठी बोर्ड घ्यावा.

लहान बोर्ड म्हणजे मोठं कौशल्य?

हा समज सोशल मीडियावरच्या लाटांच्या व्हिडिओंमुळे पक्का होतो. हवाईत लाटांवर उड्या मारणारे खेळाडू ७५ ते ९० लिटरच्या बोर्डवर असतात हे खरं. पण तिथला वारा आणि लाटा वेगळ्या आणि त्यांना तिथे मोठा बोर्ड अडचणीचाच ठरेल.

दुसरं टोक पाहा. हांगझू इथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या इबाद अलीने आरएस:एक्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. गोव्याची कात्या कुएल्होही याच वर्गात भारताकडून खेळली आहे. आरएस:एक्स बोर्ड २८६ सेंटिमीटर लांब, ९३ सेंटिमीटर रुंद आणि दोनशे लिटरहून मोठा. २००८ ते टोकियोपर्यंतच्या चार ऑलिम्पिकमध्ये हाच बोर्ड होता. शर्यत मंद वाऱ्यातही होते, म्हणून बोर्ड मोठा. बोर्डचं माप वारा आणि काम यांवर ठरतं. त्यात मानापमानाचा प्रश्न येत नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आयक्यूफॉइल आला. बोर्डखालच्या पंखासारख्या फॉइलमुळे तो पाण्याच्या वर उचलला जातो. तो बोर्डही ९५ सेंटिमीटर रुंद आहे. मंद वाऱ्याच्या ठिकाणी फॉइल हा चांगला पर्याय आहे. पण त्याला पुरेसं खोल पाणी, हेल्मेट आणि सोबतीला प्रशिक्षक हवा. पुढे फॉइल लावायचा विचार असेल तर बोर्ड घेतानाच त्याचा फिन बसवायचा खाचा फॉइलचा ताण सोसेल असा मजबूत आहे का, हे विचारून घ्या.

लिटर तेच, पण प्रकार कोणता?

दुकानात किंवा वापरलेल्या मालात १२० लिटरचे तीन-चार प्रकार दिसतील. सुधारणा करणाऱ्यासाठी फ्रीराइड सर्वांत योग्य. स्लॅलम बोर्ड शर्यतीसाठी असतात. त्यांच्या पायपट्ट्या अगदी कडेला असतात आणि ते चुका माफ करत नाहीत. फ्रीस्टाइल आणि लाटांचे बोर्ड वळायला चपळ, पण वाऱ्यावर चढायला आणि लवकर प्लेनिंगला कमी.

फ्रीराइड घेतानाही पायपट्ट्यांना दोन जागा आहेत का ते बघा: शिकण्यासाठी आतल्या बाजूला, पुढे वेगासाठी कडेला. पायाखाली मऊ आवरण असलेला, किंचित जड बोर्ड पडण्या-आपटण्यात टिकतो. कार्बनचा हलका बोर्ड झटकन वेग घेतो, पण मास्ट आपटला की त्याचं नाक फुटू शकतं.

वापरलेला बोर्ड घेताना

– टाचा टेकतात त्या जागी आणि मास्टच्या भोवती अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागलं किंवा करकरलं तर आतला थर सुटलेला आहे. असा बोर्ड घेऊ नका.
– बोर्ड वजन करा. छापलेल्या वजनापेक्षा दोन-तीन किलो जास्त भरला तर आत पाणी शिरलेलं असू शकतं.
– फिन बसते त्या खाच्याभोवती आणि मास्टच्या पट्टीभोवती तडे शोधा.
– पायपट्ट्यांचे स्क्रू घट्ट बसतात का ते पाहा.
– नाकावर डागडुजी असेल तर ती कुणी केली आणि कशाने केली ते विचारा.

एक बोर्ड की दोन?

पहिली एक-दोन वर्षं एकच पुरे. त्याला दोन शिडं ठेवा, एक मोठं आणि एक मध्यम. वॉटरस्टार्ट आणि पट्ट्या पक्क्या झाल्या, आणि महिन्यातले बरेच दिवस मोठा बोर्ड वाऱ्यात आवरत नाही असं झालं, की दुसऱ्याचा विचार करा. दोन बोर्डांत ३० ते ४० लिटरचं अंतर ठेवा. १४० आणि १०५ ही जोडी कामाची. १३० आणि १२० घेणं म्हणजे एकाच बोर्डचे पैसे दोनदा देणं.

आणि वारा पडलाच तर?

बोर्ड कितीही योग्य असला तरी जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात एकट्याने जाऊ नये. मधेच अडकलात तर एक नियम कायमचा लक्षात ठेवा: बोर्ड सोडायचा नाही. किनारा जवळ वाटतो म्हणून पोहत निघालेला माणूस थकतो आणि शोधणाऱ्यांना दिसतही नाही. बोर्ड तरंगत राहतो आणि लांबून दिसतो. त्यावर बसून दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करत राहणं, ही मदत मागण्याची आंतरराष्ट्रीय खूण आहे.

शेवटी निवड तीन प्रश्नांवर येते. तुमचं वजन किती? वॉटरस्टार्ट हुकमी येतो का? घरच्या पाण्यावर बहुतेक दिवस किती नॉट वारा असतो? तिन्ही उत्तरं कागदावर लिहा, वरचे लिटर काढा आणि दोन मापांत अडलात तर मोठं घ्या. मोठ्या बोर्डवर शिकायला थोडा उशीर लागतो, पण संध्याकाळी वारा पडल्यावर त्यावर उभं राहून किनाऱ्यावर परत येता येतं.